कौटुंबिक गुपित आणि सौम्य अद्भुत : कादंबरीवाचनासाठी एक कसोटी

‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा मूळची चित्रसमीक्षेतील. जर्मन समीक्षक फ्रांझ रो याने ती १९२५ साली योजिली. पुढे १९४९ साली क्यूबाचा कादंबरीकार आलेहो कार्पेन्तिएर याने लॅटिन अमेरिकेच्या वास्तवातच अद्भुत मुरलेले आहे असा विचार मांडला, आणि गाब्रिएल गार्सिया मार्केस याच्या १९६७ च्या कादंबरीने हा प्रकार जगभर पोहोचविला. परीकथेत अद्भुतासाठी निराळे जग उभारावे लागते. येथे ते स्वयंपाक, झाडलोट यांच्या ओघातच घडते. या प्रकारातील एक सौम्य पोटभेद कौटुंबिक गुपितांभोवती फिरतो. त्यातील काय वाचावे आणि ते कोणत्या कसोटीवर निवडावे, हा येथील प्रश्न आहे.

ही कसोटी शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. लहानपणीच त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी आल्या व तेथे दासी म्हणून राहिल्या, असे परंपरा सांगते. त्यांच्या नावावरील अभंगांत विठ्ठल त्यांच्यासमवेत दळतो, कांडतो, शेण्या वेचतो. ही कथा भक्तीच्या अंगाने वाचली जाते, व ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक गृहस्थितीही सूचित झाली आहे. जनीच्या जात्याला दुसरा हात लागतो तो देवाचा, माणसाचा नव्हे.

नागपंचमीच्या कहाणीतही हेच आढळते. थोरल्या सुना आपापल्या आजोळी जातात. धाकटीला माहेरचे कोणीच नसते. तेव्हा नाग ब्राह्मणवेषाने तिचा मामा म्हणून येतो आणि तिला आपल्या घरी नेतो. तेथे तिच्या हातून दिवा पडून नागाच्या पिलांची शेपटे भाजतात. पुढे सूड घेण्यास आलेली ती पिले, ती आपल्याच क्षेमासाठी प्रार्थना करीत आहे हे पाहून निवळतात.

दोन्ही ठिकाणी गुपित म्हणजे दडविलेली माहिती नव्हे. जनीचे एकाकी कष्ट वा धाकटीचे पोरकेपण घरात सर्वांना ठाऊक असते. ते बोलून दाखविण्याची मात्र रीत नसते. घरात जे उच्चारता येत नाही त्याला अद्भुत वाचा देते. या प्रकारच्या उत्तम कथेचे मर्म हेच होय.

या दृष्टीने दोन कादंबऱ्या प्रथम वाचाव्यात. मेक्सिकोच्या लॉरा एस्किवेल यांची ‘कोमो आग्वा पारा चोकोलाते’ (१९८९) ही बारा महिन्यांची बारा प्रकरणे आणि प्रत्येकात एक पाककृती, अशी रचलेली आहे. धाकट्या मुलीने अविवाहित राहून आईची सेवा करावी, ही त्या घराची रूढी. तिता हिच्या प्रियकराचे लग्न तिच्याच बहिणीशी लागते. लग्नाच्या केकच्या मिश्रणात तिचे अश्रू पडतात आणि तो खाणारे पाहुणे शोकाकुल होतात. रूढी लादणाऱ्या आईच्याही जीवनात एक दडपलेले प्रेम होते, हे तिच्या मृत्यूनंतर सापडलेल्या पत्रांवरून कळते. दुसरी, शीर्षेंदु मुखोपाध्याय यांची बंगाली कादंबरी ‘गोयनार बाक्शो’. तीत बालविधवा आत्या मृत्यूनंतर घरातील नव्या सुनेला दिसू लागते व आपला दागिन्यांचा डबा लपविण्यास बजावते. ते भूत भीतीपेक्षा हसूच अधिक आणते. परंतु त्याच्या चिडचिडीमागे न जगलेले एक संपूर्ण आयुष्य उभे असते. अपर्णा सेन यांनी २०१३ साली या कादंबरीवर चित्रपट काढला.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. देव दळू लागला की दळणाचे कष्ट विसरले जातात. सौम्यता अन्यायावर पांघरूण घालते. अनेक गोड कथांच्या बाबतीत हा आक्षेप खराच ठरतो. म्हणून वाचकाने एवढेच पाहावे : चमत्कार घडून गेल्यावर घरातील ओझे दिसेनासे होते, की अधिक स्पष्ट दिसते? तिताच्या अश्रूंनी लग्न मोडत नाही. आत्येला तिचे तारुण्य परत मिळत नाही. म्हणूनच या कथा सौम्य असूनही खोट्या नाहीत.

चि. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ (१९६६) किंवा जी. ए. कुलकर्णींचा ‘काजळमाया’ (१९७२) यांतील अद्भुत नियतीच्या कठोर अंगाने जाते. ते यानंतर वाचावे. आणि मराठवाड्यातील विद्यार्थ्याने त्यांच्याबरोबर घरच्या आजीच्या जात्यावरील ओव्याही ऐकाव्यात. घरात न बोललेले पुष्कळसे तेथेच बोलले गेले आहे.