‘पहिलाच भारी होता!’

‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गेमचा रिमेक 21 जानेवारी 2021 रोजी बाजारात यायचा होता. बरोबर पाच वर्षांनी, 21 जानेवारी 2026 रोजी, युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो रद्द केल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी कंपनीने एकूण सहा गेमवर फुली मारली, पण हळहळ झाली ती मुख्यतः या एकाबद्दल. मराठी वाचकाला ही बातमी जरा जास्तच लागावी, कारण हा रिमेक आधी घडत होता तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंमध्ये.

मूळ गेम 2003 साली आला तेव्हा इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर असलेली पिढी आज चाळिशीत आहे. तिच्यातली बरीच मराठी मंडळी बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला आनेकल तालुक्यात स्थिरावली आहेत. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि घर चंदापूर किंवा अत्तिबेलेच्या बाजूला. सॉफ्टवेअर कसं बनतं आणि तारखा कशा हुकतात, हे या पिढीला कुणी शिकवायला नको. तरीही आवडत्या गेमच्या नव्या भागाचा विषय निघाला की तिचा निकाल ठरलेला असतो : पहिलाच भारी होता!

गेल्या दिवसांची ओढ, एवढं म्हणून हा निकाल उडवून लावता येतो. पण एकेका गेमचा इतिहास तपासला तर चाहत्यांच्या नाराजीमागे एक ठोस कारण पुन्हा पुन्हा सापडतं. खेळणारा माणूस काय खटकलं ते मोठ्याने सांगतो, पण काय आवडलं ते क्वचितच नीट सांगू शकतो. नवा भाग करणारी कंपनी तक्रारींची यादी समोर ठेवून बसते, एकेक तक्रार दूर करते आणि त्या दुरुस्तीत, कुणीच कागदावर न मांडलेली, लोकांच्या प्रेमाची गोष्ट हातची निसटून जाते.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हेच याचं उत्तम उदाहरण आहे. जॉर्डन मेकनर या तरुणाने 1985 मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. 1989 मध्ये ॲपल टू संगणकावर आलेल्या त्या गेममध्ये राजकन्येला सोडवायला अवघी 60 मिनिटं मिळायची. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या डॉसच्या यंत्रांवर ज्यांनी तो खेळला, त्यांना कडेला लटकणारा, धापकन पडणारा, खऱ्या माणसासारखा वजन असलेला तो देह अजून आठवतो. त्या देहाचं वजन आणि डोक्यावरचं घड्याळ, या दोन गोष्टींवर सगळा खेळ उभा होता.

1999 मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ आला. काळाची मागणी थ्रीडीची होती, ती पुरी झाली. पण कंट्रोल अडखळत होते, बग भरपूर होते आणि देहाची ती लवचीक चपळाई हरवली होती. मालिका तिथेच संपली असती. ती वाचली युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओमुळे. 2003 च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये पॅट्रिस देझिले यांच्या चमूने, मेकनर यांना लेखक म्हणून सोबत घेऊन, जुन्या गेमचा गाभा शोधून काढला. पहिल्या गेममध्ये वेळ खेळाडूच्या मागे लागलेली असायची. इथे एका खंजिरामुळे वेळच खेळाडूच्या हाती आली. उडी चुकली तर काही क्षण मागे जाऊन ती पुन्हा मारता येत होती. भिंतीवरून धावणारा राजपुत्र पुन्हा हाडामांसाचा वाटू लागला. एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्यापासून गोष्ट सुरू होते आणि महाराजाची मुलगी फराह राजपुत्राची सोबतीण होते. दोघांची कुरबुर, संशय आणि वाढत जाणारी ओढ यांतून गोष्ट पुढे सरकते. राजपुत्र स्वतःच निवेदक आहे. खेळाडू मेला की तो म्हणतो, गोष्ट अशी घडलीच नव्हती. हरणंसुद्धा कथेत विणणारी ही युक्ती गेमच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक आहे.

समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला. एक तक्रार मात्र अनेकांनी केली : तलवारबाजी तीच तीच वाटते.

वर्षभरातच, 2004 च्या अखेरीस, ‘वॉरियर विदिन’ आला. तलवारबाजीची तक्रार मनापासून दूर केली होती. दोन्ही हातांत शस्त्रं, नवनवे वार, शत्रूचीच तलवार हिसकावून त्याच्यावर चालवायची सोय. त्याबरोबर राजपुत्राचा आवाज बदलला, चेहरा रागीट झाला, पार्श्वसंगीतात हेवी मेटल आलं, रक्त वाहू लागलं आणि अमेरिकेत गेमला प्रौढांसाठीचं मानांकन मिळालं. फराह दिसेनाशी झाली. निवेदन आणि हळवेपणही तिच्याबरोबर गेलं. या भागात मेकनर यांचा सहभाग नव्हता. पुढे त्यांनी या गेमची कलात्मक दिशा आणि त्यातली हिंसा आपल्याला पटली नाही, असं जाहीरपणे सांगितलं. ज्याने हे जग निर्माण केलं त्यानेच पाठ फिरवावी, यापेक्षा स्पष्ट साक्ष दुसरी कोणती हवी? मारामारी सुधारण्यात चूक नव्हतीच. चूक होती ती मारामारी हाच गेमचा जीव आहे असं धरून बाकीचं जग तिच्यासाठी वाकवण्यात. 2005 च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये फराह परत आली आणि राजपुत्राचा मूळ आवाज देणारे युरी लोवेंथाल हेही परत आले. कंपनीलाही चूक कळली होती, असाच याचा अर्थ होतो.

हाच क्रम इतरत्रही दिसतो. ‘डायब्लो 2’च्या चाहत्यांची तक्रार होती की दुर्मिळ शस्त्रांची खरेदी-विक्री बाहेरच्या संशयास्पद वेबसाइटवर चालते आणि लोक फसवले जातात. 2012 च्या ‘डायब्लो 3’मध्ये ब्लिझार्ड या कंपनीने गेममध्येच अधिकृत लिलावघर उघडलं. फसवणुकीवर उपाय झाला, पण राक्षस मारल्यावर त्याच्या अंगातून काय पडेल याची धडधड, जिच्यासाठी लोक रात्री जागवत, ती नाहीशी झाली. हवं ते शस्त्र विकतच मिळत होतं. पहिल्या 24 तासांत 35 लाख प्रती खपलेल्या या गेमचं लिलावघर ब्लिझार्डला 18 मार्च 2014 रोजी बंद करावं लागलं.

2021 मध्ये ‘जीटीए’च्या तीन जुन्या गेमचा सुधारित संच आला. मूळ ‘सॅन अँड्रियास’मध्ये दूरवर धुकं असायचं, कारण त्या काळच्या प्लेस्टेशनला सगळा नकाशा एकदम दाखवणं झेपत नसे. नव्या संचात ते धुकं काढून टाकलं. परिणाम असा, की डोंगरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं एकमेकांना खेटून दिसू लागली. अफाट वाटणारं जग एकाएकी चिमुकलं झालं. तांत्रिक मर्यादा होती ती गेली आणि तिच्यासोबत भव्यतेचा भासही गेला. संचातल्या इतर चुकाही इतक्या होत्या की ‘जीटीए’वाल्या रॉकस्टार या कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

चाहत्यांच्या नाराजीचं दुसरं कारण साधं आहे, पण चर्चेत ते कमी येतं. हल्ली गेम एकदा प्रकाशित होऊन थांबत नाही. त्यात वर्षानुवर्षं भर पडत राहते. 2013 च्या ‘पेडे 2’मध्ये पुढची कित्येक वर्षं नवे दरोडे, नवी पात्रं येत राहिली. सप्टेंबर 2023 मध्ये ‘पेडे 3’ आला तेव्हा सुरुवातीलाच सर्व्हर कोलमडले आणि आशयही तुटपुंजा होता. थोड्याच काळात स्टीम या ऑनलाइन गेम-मंचावर जुन्या गेमचे खेळाडू नव्यापेक्षा जास्त दिसू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स 2’चंही असंच झालं. नव्या भागाची तुलना पहिल्या भागाच्या पहिल्या दिवसाशी होतच नाही. ती त्याच्या आठव्या-दहाव्या वर्षाशी होते. प्रभाकर पणशीकरांचा मुरलेला लखोबा पाहून आलेल्या प्रेक्षकापुढे नव्या नटाने पहिला प्रयोग करावा, तसा हा सामना असतो.

‘पेडे’वाल्या स्टारब्रीझचा बेंगळुरूशी जवळचा संबंध होता. राजेश राव यांनी 1997 मध्ये बेंगळुरूत सुरू केलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातल्या आद्य गेम स्टुडिओंपैकी एक. ती काही काळ स्टारब्रीझच्या मालकीची होती आणि 2019 मध्ये रॉकस्टारने ती विकत घेतली. म्हणजे 19 नोव्हेंबर 2026 ही तारीख जाहीर झालेल्या ‘जीटीए 6’कडे जग डोळे लावून बसलं आहे, तेव्हा त्या रॉकस्टारचा एक मोठा स्टुडिओ आनेकलपासून फार लांब नाही. पाचवा भाग 2013 चा आहे. तेरा वर्षांच्या अपेक्षांचं ओझं सहाव्यावर असेल.

इथेच पुणे-मुंबईच्या प्रकरणाकडे परत यायला हवं. सप्टेंबर 2020 मध्ये रिमेकचा ट्रेलर दिसला आणि ग्राफिक्स जुनाट असल्याची टीका जगभरातून सुरू झाली. ती पूर्णपणे अन्यायाची नव्हती. माणसाची आठवण जुन्या चित्रांना परस्पर पॉलिश करते आणि नव्या चित्राला त्या पॉलिश केलेल्या आठवणीशी झुंजावं लागतं, हे खरं. पण ट्रेलरमधले चेहरे निर्जीव होते, हेही खरं. तारीख आधी मार्च 2021 वर गेली, मग अनिश्चित काळासाठी. मे 2022 मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलला देण्यात आलं. ‘भारतीयांना जमलं नाही’ असा शेरा तेव्हा सर्रास मारला गेला. पण ज्या माँट्रियलने मूळ गेम घडवला, त्या माँट्रियललाही पुढच्या साडेतीन वर्षांत हा रिमेक पूर्ण करता आला नाही. एवढी एक गोष्ट त्या शेऱ्याला उत्तर म्हणून पुरेशी आहे.

खरा प्रश्न निर्णयाचा आहे. भारतातल्या स्टुडिओंनी वर्षानुवर्षं परदेशी गेमचे भाग जोडून दिले : कुणाच्या गाड्या, कुणाची झाडं, कुणाची चाचणी. गेमचा गाभा कोणता, काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवण्याचा सराव तुकड्यातुकड्यांच्या कामातून मिळत नाही. मग एके दिवशी जगातल्या सर्वांत लाडक्या गेमपैकी एक हाती द्यायचा, चार महिन्यांवरची तारीख जाहीर करायची आणि फसलं की काढून घ्यायचं, ही मालकाची चूक आहे, कारागिराची नाही.

चाहतेही दर वेळी बरोबर नसतात, हे मात्र मान्य करायला हवं. जून 2023 मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’ जाहीर झाला तेव्हा ट्रेलरमधल्या रॅप संगीतावर आणि नायक राजपुत्र नसण्यावर लोक तुटून पडले. जानेवारी 2024 मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए इथल्या चमूचा तो गेम आला आणि समीक्षकांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. बाजूने दिसणारा, उड्यांचा, मूळ 1989 च्या चालीचा, आणि फारसी संवादांची सोय असलेला. पण आरंभीची नाराजी आणि कमी खप त्याला नडले. वर्ष संपण्याआधीच तो चमू विखुरला गेला.

पुण्यापुढे आता दुसरी परीक्षा आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने 2020 मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आणला. ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या स्वतंत्र गेमसाठीचं नामांकन त्याला मिळालं. आता त्याचा पुढचा भाग, ‘राजी : कलियुग’, जाहीर झाला आहे. पहिल्या भागावरच्या तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत : फार लवकर संपतो, मारामारी अडखळते. त्या दूर व्हायलाच हव्यात. पण लोक ‘राजी’वर लुब्ध झाले ते पहाडी शैलीची आठवण करून देणाऱ्या रंगांमुळे, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथेमुळे आणि दुर्गा व विष्णू यांच्या निवेदनामुळे. हे कुठल्याही तक्रारींच्या यादीत सापडणार नाही. म्हणून ‘कलियुग’ येईल तेव्हा मराठी खेळाडूंनी ट्रेलरवरून निकाल देऊ नये. गेम विकत घ्यावा, शेवटपर्यंत खेळावा आणि मत लिहिताना काय खटकलं याच्या आधी काय आवडलं ते सविस्तर लिहावं. तिसरा भाग करणाऱ्यांना त्याचीच गरज पडणार आहे.