सह्याद्रीतील 'बर्फ' आणि थंडीचे गणित

डिसेंबर उजाडला की काळाचौकीच्या चाळींतून शनिवारी रात्री पाठीवर सॅक अडकवलेली मुले दादरकडे निघतात आणि कसारा लोकल गाठतात. पहाटे बारी गाव, सूर्योदयाला कळसूबाई! मुंबईत स्वेटर क्वचितच लागत असल्याने अनेकांच्या सॅकमध्ये तो नसतोच. मुंबईचा नीचांक (७.४ अंश सेल्सिअस, सांताक्रूझ) नोंदला गेला तो २२ जानेवारी १९६२ रोजी. डोंगरावर मात्र एवढी थंडी ही नवलाई नव्हे.

उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे मुंबईत १८ अंश असताना शिखरावर साधारण सात. त्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला दोन अंशांइतकी थंडी जाणवते. घामाने भिजलेला सुती शर्ट ही थंडी आणखी वाढवतो.

हे गणित रात्री मात्र उलटू शकते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. थंड, जड हवा उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला गावापेक्षा वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते ते यामुळेच. त्याला 'हिमवर्षाव' म्हणण्याची हौस आपल्या वृत्तपत्रांनाही आहे. पण हिम ढगात तयार होते, तर हे हिमकण पानावरच जन्मतात. जमिनीलगतचा थर वरच्या हवेहून काही अंश थंड असल्याने तापमापक शून्याच्या वर असतानाही ते दिसतात. तेव्हा तंबू तलावाकाठी किंवा खळग्यात न लावता किंचित उंचावर, पण वाऱ्याच्या आडोशाला लावावा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या अगदी धारेवर झोपण्याचा मोह तर टाळावाच.

खरा धोका कोरड्या थंडीपेक्षा अवकाळी पावसाचा. डिसेंबर २०२१ च्या प्रारंभी पाऊस आणि गार वारा एकदम आला, तेव्हा पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत उघड्यावरच्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. अंगभर लोकर असूनही! ओले कपडे बदलूनही हुडहुडी थांबत नसेल, जीभ जड होत असेल, सोबती बरळू लागला असेल, तर शिखराचा नाद सोडून त्याला कोरडे, उबदार करावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. दारू मुळीच देऊ नये. तिने ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते.