इंजिन बदललं, गिअरचं काय?

ट्रॉलरचं जुनं इंजिन उतरवून नवं चढवताना बोलणं होतं ते अश्वशक्तीचं आणि किमतीचं. गिअरबॉक्स मात्र ‘आहे तोच चालेल’ म्हणून राहतो. घोडं पेंड खातं ते इथेच.

समजा, जुनं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांचं आणि गिअर ३:१ चा. म्हणजे पंखा ५०० फेऱ्यांनी फिरतो. नवं इंजिन तेवढ्याच ताकदीचं, पण २२०० फेऱ्यांचं. जुन्या गिअरवर पंख्याला आता ७३३ फेरे घ्यावे लागतील. हा फरक दीडपटही नाही; पण पंख्याला लागणारी शक्ती साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तिपटीहून जास्त! ती आणायची कुठून? इंजिन २२०० गाठतच नाही, तापतं, काळा धूर ओकतं. असा धूर दिसला की पुष्कळदा आधी डिझेल पंप उघडतात. माझ्या मते आधी पूर्ण वेगावर फेरे मोजावेत.

२२०० भागिले ५००, म्हणजे ४.४. त्याच्या जवळचा ४.५:१ चा गिअर बसवला की पंखा ४८९ वर येतो आणि जुनाच पंखा चालतो. गिअर वाचवून लहान पंखा लावण्याचा मोह टाळावा. जाळं ओढणाऱ्या बोटीला मोठा, सावकाश फिरणारा पंखाच हवा. तो जास्त पाणी हळू मागे लोटतो, म्हणून तेवढ्याच डिझेलमध्ये ओढ जास्त मिळते.

शाफ्टची दिशाही तपासा. ती उलटी असेल, तर गिअर पुढे टाकल्यावर बोट मागे जाते.