गेट बंद, अर्ज उघडा

पावसाळा लागला की नागझिऱ्याची गेटे बंद होतात. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी, कुठूनही जा; जुलैपासून सप्टेंबरअखेर पर्यटकांना जंगलात प्रवेश नसतो. जनावरांना आणि जंगलातल्या वाटांना विश्रांती हवी असते, ती मिळावीच. पण ज्याने कर्ज काढून जिप्सी घेतली, किंवा जो गाईड म्हणून फेरीमागे फी मिळवतो, त्याच्या घरात ही विश्रांती थेट चुलीपर्यंत येऊन पोहोचते. गाडीचा हप्ता काही पावसाळ्यात थांबत नाही.

अशा माणसाला विचारून पाहा, सरकारकडे बेकारीचा भत्ता मागितलास का? तो हसतो. "आमी तं गाडीचे मालक, गुरुजी. आमाले कोन भत्ता देते?"

त्याचा हा समज अर्धा खरा आहे आणि अर्धा चुकीचा. दोन्ही अर्धे नीट पाहू.

बेकारीच्या भत्त्याची एक जात विम्याची. इंग्लंडात 1911 च्या कायद्याने ती आणली. कामगाराने वर्गणी भरायची, मालकाने भरायची, सरकारने भर घालायची, आणि नोकरी गेली की ठरावीक दिवस पैसे मिळायचे. यात नोकर आणि मालक अशी दोन माणसे धरलेली आहेत. एकच माणूस दोन्ही असेल तर? तिकडे कित्येक कारागीर स्वतःच्या नावाची मर्यादित कंपनी काढून कंत्राटे घेतात. काम संपले की पंचाईत होते. याला काढून टाकले कोणी? यानेच याला! आपल्याकडे राज्य कामगार विमा महामंडळाने 2018 साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली, तीही विमा उतरवलेल्या कामगारांसाठीच. ज्याच्या नावे वर्गणी जात नाही, त्या जिप्सीवाल्याला तिथे दार नाही. म्हणजे तो म्हणतो ते इथपर्यंत खरे.

दुसरी जात मात्र आपल्या महाराष्ट्राच्या मातीतली. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग करून पाहिला: जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यायचे. पुढे 1972 चा दुष्काळ आला आणि या कल्पनेची खरी कसोटी लागली. 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. यासाठी पैसा उभा करायला 1975 पासून व्यवसाय कर बसवला होता. शिक्षकबंधूंनो, आपल्या पगारपत्रकात दरमहा जी कपात दिसते, तिचे मूळ हे असे खडी फोडणाऱ्याच्या मजुरीत आहे. पुढे 2005 साली संसदेने हाच धागा धरून साऱ्या देशासाठी कायदा केला.

या कायद्यात भत्ता कशाबद्दल मिळतो? तुमचा धंदा बसला म्हणून नव्हे. तुम्ही काम मागितले आणि 15 दिवसांत सरकारने दिले नाही, म्हणून. चूक सरकारची, भरपाईही सरकारची. त्यामुळे अर्जदार मालक की नोकर, हा प्रश्नच तिथे उरत नाही. ग्रामीण कुटुंबातला प्रौढ माणूस असावा आणि अकुशल अंगमेहनतीचे काम करायची त्याची तयारी असावी, एवढेच. जिप्सी आहे, दोन एकर धान आहे, म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. मात्र तयारी खरी हवी. बोडीचे काम दिले आणि "आम्ही गाईड, माती उचलणार नाही" म्हटले, तर भत्त्यावरचा हक्क संपला. कामावर 15 दिवसांत हजर झाला नाही, तरी तेच.

दर किती? पहिल्या 30 दिवसांना मजुरीच्या निदान चौथा हिस्सा, त्यापुढे त्या आर्थिक वर्षात निदान निम्मा. महाराष्ट्रात 2025-26 साली दिवसाची मजुरी 312 रुपये होती. म्हणजे आधी दिवसाला 78 रुपये, मग 156. पहिल्या 30 दिवसांचे 2,340 होतात. गाडीचा हप्ता त्यात निघणार नाही हे उघड आहे; तेल-मीठ निघेल.

खरी अडचण पुढेच आहे. 2005 च्या कायद्यात मजुरीचा पैसा केंद्राकडून येई, पण भत्त्याचा बोजा राज्यावर टाकलेला होता. मग कचेरीत कोणाला वाटेल की अर्जावर तारीख पडावी? "काम निघालं की कळवतो," असे तोंडी सांगून माणसाला परत पाठवणे सोपे. तारीख नाही तर 15 दिवस मोजायचे कुठून? म्हणून जॉबकार्ड जवळ ठेवा, नमुना 4 मध्ये ग्रामपंचायतीकडे लेखी काम मागा, निदान 14 दिवसांचे सलग मागा, आणि तारखेची पोच हातात आल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. पोच नसेल तर भत्ता नाही. मग कायदा कितीही चांगला असो.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कुटुंबामागे वर्षाला 100 ऐवजी 125 दिवस धरले आहेत. 15 दिवसांची अट आणि चौथा व निम्मा हे हिस्से तसेच ठेवले आहेत. पण पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत, वर्षाकाठी 60 दिवसांपर्यंत, ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. आपल्या भागात रोवणी जुलै-ऑगस्टात. नागझिऱ्याची गेटे बंद तीही तेव्हाच. ज्याला रोवणीची सवय आहे तो बांधीत उतरेल. इतरांना ते दोन महिने जड जातील. बंदीचे दिवस कोणते ठरले, हे ग्रामसभेत विचारून घेणे म्हणूनच अगत्याचे.

एक सवलत फारशी कोणाला ठाऊक नसते. 2005 च्या कायद्याने अर्ज आगाऊ देता येत असे. 1 जुलैपासून काम हवे असा अर्ज 15 जूनलाच दिला, तर ते 15 दिवस गेट उघडे असतानाच सरतात आणि काम न मिळाल्यास भत्त्याची मोजणी थेट 1 जुलैपासून सुरू होते. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तेव्हा 15 जूनला गुरुजी मोकळेच असतात, आणि अर्ज लिहायला अर्धा तास पुरतो.