डेटॉलमधलं सैन्य

माझा धाकटा भाऊ गेली पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला असतो. मागच्या मे महिन्यात मी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेले. पहिल्या सकाळी चहा टाकायला ओट्यापाशी गेले, तर काय! जॅमच्या रिकाम्या बरणीत डेटॉल आणि त्यात बुडालेली आठ-दहा इवलीशी माणसं.

"ताई, हात लावू नकोस गं! माझं सैन्य आहे ते. जुना रंग निघतोय."

बेचाळीस वर्षांचा बाप्या आणि म्हणे सैन्य! मला हसूच फुटलं.

मग त्याने कपाट उघडून दाखवलं. वॉरहॅमर नावाचा हा खेळ इंग्लंडमध्ये 1983 साली निघाला. इंचभर उंचीचे राक्षस, बुटके, सांगाडे यांच्या पलटणी टेबलावर मांडायच्या, पट्टीने अंतर मोजत, फासे टाकत लढायचं. कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे. 2015 मध्ये तिने त्या जुन्या जगाचा खेळ बंद केला आणि 2024 मध्ये नव्या रूपात परत आणला. पण भावाला हवा असतो तो ऐंशीच्या दशकातला थाट. आताच्या प्लॅस्टिकच्या मूर्ती अगदी रेखीव. जुन्या धातूच्या मात्र ओबडधोबड, मोठ्या नाकाच्या, दात विचकून हसणाऱ्या. रंगही तसेच, लालभडक, पिवळेधमक, आणि पायाखालच्या चौकोनी तळाची कड हिरवीगार. या जुन्या वळणाच्या छंदाला 'ओल्डहॅमर' म्हणतात.

"पैसे जास्त झालेत का तुला?" मी मोठ्या बहिणीच्या हक्काने विचारलं. त्याने वही पुढे केली. महिन्याची रक्कम ठरलेली. जुन्या बाजारातून मोडक्या मूर्ती घ्यायच्या आणि हातातली रंगवून झाल्याशिवाय नवी आणायची नाही. आमच्या बचत गटातल्या बायकांना दाखवावा असा हिशोब!

कामही चिकाटीचं. डेटॉलमधून काढलेली मूर्ती लगेच पाण्याखाली धरली, तर रंगाचा चिकट लगदा होतो. हातमोजे घालून ती आधी स्वच्छ डेटॉलमध्येच खळबळायची, जुन्या टूथब्रशने घासायची, मग धुवायची. जुन्या धातूत शिसं असतं, म्हणून काम झालं की हात स्वच्छ धुवायचे, ब्रश तोंडात धरायचा नाही आणि ही खेळणी लहान मुलांच्या हाती द्यायची नाहीत.

एका रात्री तो तुटलेल्या हाताचा गॉब्लिन जोडत बसला होता. दोन्हीकडे बारीक भोक पाडून मध्ये तार घातली, वर गोंद लावला. मी बघतच राहिले. दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्याची मान मोडली, की आई उदबत्तीची काडी घालून अशीच जोडायची. हा शेजारी रडत बसलेला असायचा.

"आईचीच युक्ती आहे ना रे?"

तो खाली मान घालून बराच वेळ गप्प होता. मग बोलला. 2021 च्या एप्रिलमध्ये आई गेली, तेव्हा कोविडमुळे त्याला येता आलं नाही. सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. नंतर रात्र रात्र झोप लागेना. ऑफिसातल्या एकाने माळ्यावरचं जुन्या मूर्तींचं खोकं दिलं, "बघ, हात गुंतले तर." त्या रात्री त्याने पहिली मूर्ती रंगवली. आता गुरुवारी संध्याकाळी चौघं-पाचजण जमतात, फासे टाकतात, चहा पितात. त्यांच्यातल्याच एकाजवळ तो आईबद्दल पहिल्यांदा बोलला.

आणि मी? आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांचं दुःख तासन् तास ऐकणारी मी! भावाला मात्र दर रविवारी फोनवर "जेवलास का?" एवढंच विचारत आले. तो "हो" म्हणायचा आणि माझं समाधान व्हायचं.

निघताना त्याने एक हिरवा गॉब्लिन कापसात गुंडाळून दिला. तो आमच्या शोकेसमध्ये उंचावर, आईच्या फोटोशेजारी उभा आहे. येणारे-जाणारे हसतात. हसू देत.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादा मोठा माणूस असा खेळण्यांत रमलेला दिसला, तर लगेच "लहान आहेस का?" म्हणू नका. शेजारी जरा वेळ बसा. हात गुंतलेले असले, की कधी कधी मन मोकळं होतं.