शेगडीतला धूमकेतू

मुळशी धरणाच्या काठावर टेंट टाकून राहिला असाल, तर सीन ओळखीचा असेल. रात्री अकराला कुणाला तरी मॅगी हवी असते. छोटा गॅस पेटतो आणि बाकीचे माना वर करून तारे बघत बसतात. आमच्या ग्रुपचंही हेच चाललं होतं. तेवढ्यात केमिस्ट्रीवाली मैत्रीण म्हणाली, "वर काय बघताय? धूमकेतूतला माल इथे खाली पण आहे की!"

मी मास कॉमची. केमिस्ट्रीशी माझा ब्रेकअप बारावीनंतरच झालाय. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून शोधत बसले.

गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, हे समीकरण तुम्हीही पाठ केलं असेल. मधल्या पायऱ्या आपल्याला कुणी सांगितल्याच नाहीत. जळताना रेणू फुटतात आणि अर्धवट तुकडे उरतात. एक कार्बन, एक हायड्रोजन म्हणजे सीएच. दोन कार्बन म्हणजे सी-टू. समोर येईल त्याला चिकटायला टपलेले, त्यामुळे क्षणभरही टिकत नाहीत. पण जाता जाता प्रकाश देतात. सीएचचा जांभळट, ४३१ नॅनोमीटरच्या आसपास. सी-टूचा हिरवा, ५१६ च्या आसपास. ज्योतीची निळाई मुख्यतः यांचीच. (ज्योत पिवळी झाली, तर तो उजेड तापलेल्या काजळीचा. पातेल्याचं बूड काळं करणारी तीच.)

आता वर बघा. २०२३ च्या सुरुवातीला झेडटीएफ धूमकेतूचे हिरवे फोटो सगळीकडे फिरत होते. मला तो फिल्टर वाटला होता! तो रंग सी-टूचा. तिथे चिकटायला शेजारीच नाही, म्हणून तो टिकतो. सीएच तर १९३७ मध्येच ताऱ्यांमधल्या पोकळीत सापडला. ओळखता आला, कारण त्याच्या प्रकाशाच्या रेषा प्रयोगशाळेत आधीच मोजलेल्या होत्या.

या मोजणीत आपल्या मुंबईचाही हात आहे. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे एन. आर. तावडे यांनी १९३० च्या दशकात सी-टूचे पट्टे किती ठळक येतात, हे मोजण्याचं काम केलं. त्या ठळकपणावरून ज्योतीच्या तापमानाचा अंदाज येतो. शाळेच्या पुस्तकात हे नाव का नाही, कुणास ठाऊक.

एक कोडं मात्र राहिलं होतं. धूमकेतूचं डोकं हिरवं, मग शेपटी का नाही? सूर्यप्रकाशच सी-टूला फोडत असणार, हा गेरहार्ड हर्झबर्ग यांचा अंदाज त्याच दशकातला. पुरावा आला २०२१ मध्ये, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातून. निर्वात नळीत लेझरने सी-टू तयार केला, दुसऱ्या लेझरने फोडला. हिशेब निघाला की पृथ्वीइतक्या अंतरावर, उन्हात तो साधारण ४४ तास जगतो. शेपटीपर्यंत पोचतच नाही. या शोधनिबंधाची पहिली लेखिका जास्मिन बोर्सोव्स्की, तिथलीच ऑनर्सची विद्यार्थिनी. म्हणजे जवळपास आपल्याच वयाची.

तुम्हाला लेझर लागणार नाही. बुटाच्या खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडा, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका लावा, वर डोळ्यापुरतं भोक. अंधार करा आणि लांबूनच फट निळ्या ज्योतीकडे धरा. मेणबत्तीचं सलग इंद्रधनुष्य दिसतं, इथे मात्र सुटे पट्टे दिसतात. आम्हाला हिरवा लगेच दिसला. जांभळ्यासाठी बराच वेळ डोळे ताणावे लागले, तोवर मॅगी करपली.