मोटारीच्या आतील पॅनेलला रंग : थोड्या भांडवलाचे काम

कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून घाटकोपर-अंधेरीच्या गॅरेजांपर्यंत मोटारीच्या कामावर आपल्या अनेक बांधवांची रोजी चालते. पद्मिनी टॅक्सीच्या दाराचे रेक्झिन फाटले की नवे चढवायचे, काम संपले. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आजच्या गाडीत दार, डॅशबोर्ड, कन्सोल सारे प्लॅस्टिकचे. ते उन्हाने फिके पडते, हाताच्या वापराने झिजते. नवे पॅनेल महाग, म्हणून गिऱ्हाईक रंग मागते. मात्र तोच रंग दोन महिन्यांत सोलून निघाला तर ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

रंग सुटतो तो बहुधा रंगाच्या दोषाने नव्हे, तयारीच्या घाईने. पॅनेल काढून मागची बाजू पाहावी. तिथे एबीएस किंवा पीपी अशी अक्षरे असतात. एबीएसवर रंग सहज धरतो, पण कडक थिनरने ते विरघळते. पीपीवर प्लॅस्टिक प्रायमर मारल्याशिवाय कोणताच रंग टिकत नाही. अक्षरे नसतील तर तुटक्या क्लिपच्या जागेचा तुकडा पाण्यात टाकावा. तरंगला तर पीपी समजून प्रायमर मारावाच. बुडाला तरी खात्री धरू नये, कारण टाल्क मिसळलेले पीपीही बुडते.

खरा शत्रू म्हणजे डॅशबोर्डला चोळलेले चकाकीचे पॉलिश. त्यातले सिलिकॉन राहिले की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आधी साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवावे, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, दर वेळी स्वच्छ फडका घेऊन पुसावे. दाणेदार पृष्ठभागावर कागद घासू नये, दाणा जातो. स्कफ पॅड पुरे. रंगाचे तीन-चार पातळ हात द्यावेत, मध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावे. डॅशबोर्डच्या माथ्यावर मॅटच हवा. चकाकीचे प्रतिबिंब काचेत पडून चालवणाऱ्याला त्रास होतो. भर पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढरट झाक येते, तेव्हा काम उघडिपीवर ढकललेले बरे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हार्डनरचा रंग असेल तर चांगला मास्क आणि मोकळी हवा हवीच.

जुन्या गाड्या विकणारे हे काम पुष्कळ देतात. ते जरूर घ्यावे. पण धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित (स.) यांनी आतली ओल व्यापाऱ्याला दाखवली होती, हे आपण जाणतो. म्हणून बिलावर 'जुने पॅनेल, रंगकाम' असे स्पष्ट लिहावे, असे आमचे मत आहे. तडा रंगाखाली झाकू नये.

एअरबॅगच्या कव्हरला तर हातच लावू नये. ते ठरलेल्या रेषेवर फाटावे लागते. त्यावर रंगाचा वा भरावाचा थर चढला की धोका जिवाचा. गिऱ्हाईक अडून बसले, तर तेवढे कव्हर मूळचेच ठेवावे आणि बाकीच्या पॅनेलची छटा त्याला जुळवून घ्यावी.